शिडीचे पान

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर आधी माझी पाने मोजा. सत्तेचाळीस भरतील. मला शिवले तेव्हा अठ्ठेचाळीस होती. जे एक पान आता नाही, त्याचीच ही हकीकत आहे.

मी शब्दांची वही आहे. माझ्यात मोडी अक्षरांत इटाली देशाचे शब्द लिहिले आहेत आणि प्रत्येकापुढे आपल्याकडचा अर्थ. पाणी, मीठ, बैल, दोरी, कापसाची गठाण, सलाम, सगळे आहे. हिवरखेडच्या एका घरात पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीखाली मी राहते. वर्षातून एकदा कोणीतरी पेटी उन्हात ठेवते, तेवढाच माझा आणि उजेडाचा संबंध.

इसवी सन अठराशे त्रेसष्टमध्ये, अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या एका घरात, खुर्शीदबीने मला शिवले. दौलताबादेकडून आलेले हातकागदाचे चोवीस ताव तिने बरोबर मधे दुमडले, एकात एक बसवले आणि घडीवरून दाभणाने भोके पाडून स्वतः कातलेल्या दोऱ्याने टाके घातले. एका तावाची दोन पाने होतात. म्हणजे माझ्या प्रत्येक पानाला दुसऱ्या टोकाला एक जोडपान असते. पहिल्याचे अठ्ठेचाळिसावे, दुसऱ्याचे सत्तेचाळिसावे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. वरून तिने लाल खारव्याचे कापड चढवले आणि मला नवऱ्याच्या हातात दिले.

तिचा नवरा गयासुद्दीन मुनशी. फारसी, मोडी, हिंदुस्थानी सगळे त्याला येत होते. त्याला नवी नोकरी लागली होती. त्या वर्षांत दूर अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता. म्हणून देशोदेशीचे खरेदीदार आमच्या वऱ्हाडात उतरले होते. त्यांपैकी एक होता बर्तोलो, इटालीतल्या जेनोव्हा गावचा. आमचे लोक त्याला बरतोलसाहेब म्हणत. त्याला मोडकी हिंदुस्थानी येई, पण हिशेब, पत्रे आणि राग हे सगळे इटाली भाषेत चाले. मुनशीला ती भाषा शिकावी लागली. मी त्याच्या अंगरख्याच्या आतल्या खिशात, डाव्या बाजूला असे. त्याचे ऐकलेले मी ऐकले आहे आणि त्याच्या छातीचे ठोके मला पाठ आहेत.

पहिल्याच हंगामात एक घोटाळा झाला. बार्शीटाकळीचे नत्थुजी सात गाड्या कापूस घेऊन अकोल्याच्या बाजारात येणार होते. साहेब त्या दिवशी तिथे असेल का, असे त्यांनी विचारवले होते. साहेबाने काहीतरी उत्तर दिले आणि मुनशीने निरोप पाठवला, साहेब येतो. साहेब आला दोन दिवसांनी.

"मुनशी," नत्थुजी म्हणाले, "तुमचा साहेब येतो म्हनला होता. आमचे बैल दोन दिवस तुमच्या ओट्यापुढं रवंथ करून राहिले. आता ओटा झाडाले बी माणूस आमीच देऊ का?"

मुनशी खाली मान घालून साहेबाकडे गेला. "साहब, आपने कहा था आएँगे."

"मैं नहीं बोला आएगा," साहेब म्हणाला. "मैं बोला, फोर्से."

"उसका मतलब?"

साहेबाने डोके खाजवले. मग तो हसला, त्याने मला मुनशीच्या हातातून ओढून घेतले आणि नवव्या पानाच्या मागच्या अंगावर बोरूने एक शिडी काढली. पाच पायऱ्यांची. कापसाच्या धंद्यात माणूस शंभर वेळा उद्याबद्दल बोलतो, तो म्हणाला, आणि प्रत्येक वेळी तो किती खात्रीने बोलतो ते सांगितले नाही तर बोलणेच फुकट. सगळ्यांत वरच्या पायरीवर त्याने शब्द सांगितला, चेर्तो. मुनशीने पुढे लिहिले, पक्कं. खालची पायरी प्रोबाबिले, म्हणजे बहुतेक. मधली पुओ दार्सी, होऊ शकते. तिच्या खाली फोर्से, कदाचित. सगळ्यांत खालची दिफीचिले, म्हणजे कठीणच आहे. पुओ दार्सी वर की फोर्से वर, यावर साहेबाचे स्वतःचेच मन तीनदा बदलले. अजून खाली, शिडीच्या पायाशी जमिनीवर, इम्पोस्सीबिले. शक्य नाही.

"और मगारी?" मुनशीने विचारले. हा शब्द साहेबाच्या तोंडी सारखा असे.

साहेबाने शिडीपासून दूर, पानाच्या कोपऱ्यात, एक लहानसा ढग काढला. "मगारी सीढ़ी पर नहीं. मगारी मतलब, दिल को चाहिए. होगा कि नहीं होगा, मालूम नहीं. लेकिन हो जाए तो अच्छा."

मुनशीने आपल्या हिशेबाने प्रत्येक पायरीच्या कडेला ठिपके काढले. वर पाच, मग चार, तीन, दोन आणि शेवटी एक. तेवढ्यात बाहेरून नत्थुजींनी हाक मारली. मुनशीने शाईवर वाळू न टाकताच मला मिटले आणि तो धावला. ओली शाई समोरच्या दहाव्या पानाला टेकली. तिथे शिडीची एक फिकट, उलटी छाया उमटली. ती शिडी आहे हे मुनशीला कधी कळले नाही, कारण पुढे दहाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्याने भाज्यांची नावे लिहिली आणि छायेकडे डाग म्हणून पाहिले.

बाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली. घेणारा आणि देणारा कापडाखाली हात घालतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. चारचौघांत कोणाला काही कळत नाही. मुनशीने तीच रीत या कामाला लावली. साहेब अमुक दिवशी येईल का, गाडी वेळेवर सुटेल का, ओला कापूस घेईल का, असे कोणी विचारले की तो मला उघडून शिडीवर बोट ठेवी आणि मग रुमालाखाली तितकी बोटे दाबी. शेतकऱ्यांना मोडी वाचता येत नव्हती. ठिपके मोजता येत होते.

हिवरखेडला मात्र अडचण आली. तिथे मनकर्णाबाई होती. नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली, दोन औतांचे काळे रान ती स्वतः उभी राहून पेरून घेई. निम्म्यात ज्वारी आणि निम्म्यात कापूस, हा तिचा नेम. शेजारच्या बाया मृगाच्या तोंडावर तिच्या दारात येऊन विचारत, "माय, औंदा काय पेरतं तू?" आणि ती सांगेल ते घरी जाऊन नवऱ्यांना सांगत. गावातली अकरा घरे तिच्या तिफनीकडे पाहून तिफन जोडत.

मुनशीने रुमाल पुढे केला तशी ती मागे सरली.

"मले तुमच्या दस्तीखाली हात घालाले सांगता का मुनशी? सारं गाव पाहून राहिलं."

"नाही बाई. तुमी नुसता तळहात पुढं करा." त्याने वेचलेल्या कापसातून दोन सरक्या काढून वरून तिच्या हातावर टाकल्या.

"हे काय?"

"दोन म्हंजे कदाचित. साहेब उद्या इकडं येतील, नाही बी येणार."

"अन् पाच?"

"पाच म्हंजे पक्कं."

"अन् एकबी नाई टाकली त?"

"त वाट पाहू नका."

तिने सरक्या बोटाने उलथ्यापालथ्या केल्या. "हे बरं हाये. आमच्या जवायाले बी शिकवा. थो दर दिवाळीले येतो म्हनते."

तेव्हापासून दोन वर्षे मी गावोगाव फिरले. पाच सरक्या दिल्या आणि गोष्ट झाली नाही, असे एकदाही घडले नाही. दोन दिल्या तर कधी झाली, कधी नाही, पण लोकांनी त्याबद्दल कधी राग धरला नाही. अकोल्याच्या बाजारात इतर दलालांचे मुनशी हसत. पण त्यांच्याकडचे शेतकरी उठून आमच्याकडे येत. "मुनशीची सरकी" म्हटले की लोक पुढे काही विचारत नसत. माझे नववे पान बोटांनी गुळगुळीत झाले होते. मित्रांनो, वहीला यापेक्षा मोठा मान कोणता मिळतो, मला ठाऊक नाही. मला त्याचा गर्व झाला होता, हे मी कबूल करते.

अठराशे पासष्टच्या वैशाखात साहेब अकोल्याला होता. मुंबईहून टपालाचा जासूद पत्र घेऊन आला. साहेबाने ते उभ्यानेच वाचले, मग बसून पुन्हा वाचले. अमेरिकेतली लढाई संपली होती. तिकडचा कापूस पुन्हा जहाजात चढणार होता.

मुनशीने मला उघडले आणि विचारले, "साहब, आनेवाले साल आप खरीद को आएँगे?"

साहेबाने शिडीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बोट ठेवले. दिफीचिले.

मुनशी मान डोलवून मला मिटणार, तोच साहेबाने वर हात ठेवला. त्याच्या मालकांनी मागितले होते की कोणकोणती गावे येत्या साली सगळ्या रानात कापूस पेरणार, त्यांचा होकार पाठवावा. हा होकार दाखवला की साहेबाला मुंबईची पेढी मिळणार होती. गावे होकार तेव्हाच देतील, जेव्हा साहेब नक्की येणार असे त्यांना वाटेल.

"उनको बोलो, चेर्तो," साहेब म्हणाला.

"लेकिन आप तो..."

"बंबई में मुझको मुनशी चाहिए. घर मिलेगा. तुम, तुम्हारी बीवी." साहेबाने मुनशीचे बोट धरून सगळ्यांत वरच्या पायरीवर नेले. "तुम मेरे साथ. चेर्तो, गयासुद्दीन."

मुनशीने ते बोट पायरीवरून उचलले नाही. दोन वर्षांत साहेबाने त्याला कधी खोटी पायरी सांगितली नव्हती, हे मलाही माहीत होते.

तीन दिवसांनी आम्ही हिवरखेडला मनकर्णाबाईच्या अंगणात होतो. ती ज्वारीचे बियाणे निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून तिने विचारले, "मुनशी, एकच सांगा. साहेब येत्या साली यंदावानीच कापूस घेईन का? घेत असन त मी सारं वावर पऱ्हाटीखाली टाकतो. नसन घेत त माही जवारी मले बरी. पोटाची गोष्ट हाये, म्हनून इचारून राहिली."

तिने मुद्दाम इतके स्पष्ट विचारले. कुठे पळायला जागा ठेवली नाही.

मुनशीने मला उघडले. त्याचे बोट वरच्या पायरीवर गेले. मी त्याच्या छातीपाशी दोन वर्षे काढली होती, म्हणून सांगते, ठोके जराही चुकले नाहीत. मग त्याने खिशातून सरक्या काढल्या आणि एकेक करून तिच्या तळहातावर टाकल्या. पाच.

मनकर्णाबाईने मोजल्या. पदराच्या टोकाला बांधल्या. निवडलेल्या ज्वारीचे सूप उचलून ती घरात गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मंग बियान्याची दळून टाकतो. भाकरी खाऊन जाजा मुनशी. तुमी उपाशी गेले त मले बरं वाटनार नाई."

त्याने भाकरी खाल्ली.

पंधरवड्यात साहेब मुंबईला निघाला. रेल्वेचे रूळ तेव्हा अकोल्यापर्यंत यायचे होते. म्हणून तो आधी बैलगाडीने गेला. जाताना म्हणाला, आठ दिवसांत पत्र येईल. खुर्शीदबीने अमरावतीचे घर आवरले, कोंबड्या शेजारणीला दिल्या, भांडी गोणपाटात बांधली. मुनशी अकोल्याला येऊन टपालाच्या ओसरीवर रोज बसे. आठाचे पंधरा दिवस झाले. ज्येष्ठ संपला. रोज तो मला उघडून वरच्या पायरीकडे पाही. पुढे एकदा त्याचे बोट आपोआप कोपऱ्यातल्या ढगावर जाऊन थांबले. पत्र आले नाही. आषाढात खुर्शीदबीने भांडी सोडली आणि शेजारणीकडे कोंबड्या परत मागायला गेली. तीन मिळाल्या.

मुनशीला फसवले गेले, याचे मला वाईट वाटले. पण मित्रांनो, माझ्या वाईट वाटण्यात एक काटा होता. खोट्या पायरीवर विसंबले की काय होते, ते त्याला आता पुरते समजले होते. मग हिवरखेडला माणूस पाठवून 'नुसता कापूस पेरू नका' म्हणायला अजून चार दिवस होते. त्या साली पाऊस लांबला होता, पेरणी व्हायची होती. त्याने पाठवला नाही. मी रोज वाट पाहिली.

त्या साली हिवरखेडच्या बारा घरांनी रानाच्या एका कोपऱ्यातसुद्धा ज्वारी टाकली नाही. पऱ्हाटी चांगली आली, बोंडे भरली. कार्तिकात गाड्या भरून लोक अकोल्याला आले तर साहेबाच्या वखारीला कुलूप होते. दुसऱ्या खरेदीदारांनी ढीग हाताने चाळवले आणि पुढे गेले. ज्यांनी घेतला त्यांनी गेल्या सालच्या निम्म्यालाही घेतला नाही, आणि ज्वारी तर बाजारात दिसेना. मनकर्णाबाईच्या पेवातली जुनी ज्वारी पौषापर्यंत पुरली. मग तिने एक बैलजोडी देऊन धान्य आणले.

हे सगळे मी खुशालरावांच्या तोंडून ऐकले. ते हिवरखेडचेच, माघात कामानिमित्त अमरावतीला आले होते आणि मुनशीच्या ओट्यावर बसून सांगत होते.

"बैल गेले त्याचं तिले एवढं नाई," ते म्हणाले. "पन बाया तिच्या दारात येऊन बोलतात. तुह्या सांगन्यावर पेरलं म्हनतात. परवा हिरीवर तिची घागर कोनी उचलू लागलं नाई. ज्या बाईले सारं गाव इचारे, तिले आता कोनी रामराम घालत नाई."

मुनशी चिलमीत तंबाखू भरत राहिला.

"थे येऊन राहिली इकडं. गाडी जोडली तिनं. म्हनते, मुनशी गावात येऊन सांगो का सरक्या त्यानं देल्ल्या, मी मनानं नाई बोलली. एवढंच पायजे तिले. अन् म्हनते, वही पाहीन. शिडी पाहीन."

खुशालराव गेले. दुपारची वेळ होती. खुर्शीदबी मागच्या अंगणात रेच्यावर कापसातली सरकी काढत होती. मुनशीने मला खिशातून काढले, नववे पान उघडले, मुळाशी दोन बोटांत धरले आणि ओढले. फाडताना थोडी पट्टी मागे ठेवावी, हे त्याला सुचले नाही. त्याला वाटले, मुळापासून काढले म्हणजे खूण राहणार नाही. त्याला लिहिता येत होते, शिवता येत नव्हते. पानाची गुंडाळी करून त्याने विस्तवाला लावली आणि तिच्याने चिलीम पेटवली. दोन वर्षे ज्या पानावर बोट ठेवून लोकांनी आपली राने पेरली, ते तीन झुरक्यांत गेले.

मला फाटण्याचे दुःख झाले, हे मी नाकारत नाही. पण ज्याने मला खरे बोलायला शिकवले, त्यानेच माझी जीभ काढली, याचे जास्त झाले.

दोन दिवसांनी मनकर्णाबाई आली. तीन मजलांची धूळ तिच्या लुगड्यावर होती. खुर्शीदबीने पाणी दिले. ते पिऊन तिने तांब्या खाली ठेवला आणि पदराची गाठ सोडली. पाच सरक्या ओट्यावर ठेवल्या.

"ह्या तुमच्या. मी पेरल्या नाईत. ठेवल्या होत्या."

मुनशी म्हणाला, "बाई, सरक्या साऱ्या सारख्याच असतात. ह्या मी देल्ल्या कशावरून?"

मनकर्णाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तिला राग आला नव्हता. माणूस ओळखीचा आहे की नाही, असे निरखून पाहावे तसे ती पाहत होती.

"वही काढा," ती म्हणाली. "पाच ठिपके वरच्या पायरीपाशी हायेत. तिथं तुमचं बोट होतं. मी साहेबाचं इचारलं अन् तुमी थे पायरी दाखवली."

मुनशीने मला तिच्यापुढे ठेवले. "पहा. अशी काही शिडी वहीत नाही. तुमाले भास झाला असन."

तिने पाने उलटली. भाज्या, भांडी, बैल, दोरी. शिडी नाही. तिचे हात थांबले. मला वाटले, आता ती उठून जाईल आणि गावात आयुष्यभर खोटी म्हणून राहील.

तेवढ्यात खुर्शीदबी ओट्यावर येऊन बसली आणि तिने मला उचलले.

"ये किताब मैंने सी है," ती म्हणाली. "मुझे पढ़ना नहीं आता. गिनना आता है." ती थुंकी लावून पाने मोजू लागली. मुनशी म्हणाला, "रहने दे ना." ती मोजत राहिली. शेवटाकडे आली तेव्हा माझे चाळिसावे पान तिच्या हातात सुटून आले. नवव्याचे जोडपान. त्याला धरून ठेवणारे दुसरे टोकच उरले नव्हते.

"सैंतालीस," ती म्हणाली. तिने सुटलेले पान टाक्यापाशी धरून पाहिले आणि मग नवऱ्याकडे. "इसका जोड़ीदार कहाँ है?"

मुनशीची नजर चिलमीकडे गेली.

मनकर्णाबाईने मला पुन्हा आपल्याकडे ओढले. या वेळी ती सावकाश पाहत होती, रिकाम्या जागेच्या पुढच्या पानापाशी. भाज्यांच्या नावांच्या वर फिकट डाग होता. तिने पान उन्हात तिरपे धरले आणि नखाने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच. उलटी उमटलेली का असेना, शिडी होती आणि तिच्या कडेला ठिपके होते.

"हे पाहा मुनशी. तुमचं पान गेलं, पन त्याची सावली इथं बसून हाये."

मुनशी तोंडावर हात ठेवून बसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "साहेबानं मले बी फसवलं बाई. मुंबईले नेतो म्हने."

"नेलं असतं त तुमी मले सांगाले आले असते का?"

त्याने हात पुन्हा तोंडावर नेला.

"मले तुमची मुंबई नोको. मले एक पायजे. गावात चाला. पारावर उभं राहा अन् म्हना, पाच सरक्या मी टाकल्या. येता का?"

"मगारी," मुनशी पुटपुटला. मग तिला कळेल असे म्हणाला, "मनाले तर वाटते, बाई."

"थो ढगवाला शब्द असन तुमचा. दोन वर्सांआधी तुमीच सांगतलं होतं, का थो शिडीवर नाई म्हनून." तिने तळहात पुढे केला. "सरकी टाका. जेवढ्या खऱ्या असतीन तेवढ्या."

खुर्शीदबी मला मांडीवर घेऊन बसली होती. मुनशीने ओट्यावरच्या पाच सरक्यांकडे पाहिले. त्याचा हात पुढे झाला, थबकला, पुन्हा पुढे झाला. त्याने एक सरकी उचलली आणि वरून तिच्या तळहातावर टाकली. बाकीच्या चार तिथेच राहिल्या.

मनकर्णाबाईने मूठ मिटली.

"हे खरं बोलले तुमी," ती म्हणाली. "तवा एकच टाकली असती त माहे बैल दावनीले असते."

ती उठली तशी खुर्शीदबी घरात गेली. सुईदोरा घेऊन आली, चाळिसावे पान तिथल्या तिथे टाक्यात अडकवले आणि मला मनकर्णाबाईच्या हातात दिले. "ले जाओ, बहन. इस घर में अब इसका काम नहीं." मुनशीने तिला अडवले नाही.

मी हिवरखेडला आले. मनकर्णाबाईने बायांना अंगणात बोलावले, मला उन्हात धरले आणि शिडीची सावली दाखवली. काहींनी ठिपके मोजले. काहींनी मानले, काहींनी नाही. सगळ्यांनी मानले असे मी सांगणार नाही. विहिरीवर दुसऱ्या दिवशी दोघी तिची घागर उचलू लागल्या, एवढे मात्र मी ऐकले. त्या मृगात तिच्याकडे एकच औत होते. तिने निम्म्या रानात ज्वारी पेरली, उरलेले पडीक ठेवले.

मुनशी येईल म्हणून ती कधी पाराकडे पाहत बसली नाही. मी पाहिले. सात वर्षे मी दारात वाजणाऱ्या प्रत्येक पावलाकडे कान दिला. तो आला नाही. त्या दिवशी ओट्यावर त्याने जितकी सांगितली, तितकीच आशा होती.

ती एक सरकी मनकर्णाबाईने माझ्या शिवणीत, नवव्या पानाच्या रिकाम्या जागी ठेवली. अजून तिथेच आहे. तेल सुकून तिचा पिवळा डाग पडला आहे.

मित्रांनो, वह्या जपा, हे तर मी म्हणणारच, मी वही आहे. पाने मुळातून ओढू नका. पण तुमच्याकडून मला आणखी एक हवे आहे. कोणी आपले रान, आपले सूप, आपली घागर तुमच्या शब्दावर ठेवून विचारेल की हे नक्की होईल का, तेव्हा त्याच्या हातावर तेवढ्याच सरक्या टाका जेवढ्या तुम्हाला खरोखर माहीत आहेत. एकच असेल तर एक. आणि चुकून जास्त टाकल्या असतील, तर पेरणीच्या आत जाऊन सांगा. मी त्या आषाढात त्याच्या खिशात होते. चार दिवस होते.